इटलीचा एआय कायदा १३२/२०२५: चाळीस माणसांच्या कंपनीने कोणाला काय लिहून द्यायचं?

प्रश्नांकित:

इथे इटलीच्या कायद्याचा कीस पाडलेली मंडळी आहेत, म्हणून विचारतो. मिलानमधली कंपनी, कर्मचारी ४०. स्वतः एआय बनवत नाही, विकत घेऊन वापरते. वापर असा:

नोकरीसाठी आलेले अर्ज एक सॉफ्टवेअर वाचतं आणि गुणानुक्रम लावतं. मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते मात्र माणूस ठरवतो. दुसरं सॉफ्टवेअर २५ जणांच्या शिफ्ट लावतं आणि कामं वाटतं, त्यात आधीच्या महिन्यांतला कामाचा वेगही धरला जातो. कार्यालयात सगळेच चॅट सहायक वापरतात, आणि बाहेरचे वकील व लेखापालही तो वापरत असणारच. शिवाय जाहिरातींना कृत्रिम आवाज.

सल्ले तीन तऱ्हांचे मिळतात. एक म्हणतो, १३२/२०२५ हा नुसता तत्त्वांचा कायदा आहे, त्यात नवीन बंधन काहीच नाही, तसं कलम ३ मध्येच लिहिलंय. दुसरा म्हणतो, युनियनच्या सहीशिवाय एकही सॉफ्टवेअर चालू ठेवू नका. तिसरा म्हणतो, ब्रुसेल्स तारखा पुढे ढकलतंय, तोवर स्वस्थ बसा.

मला तत्त्वं नकोत. कोणता कागद, कोणाला, किती तास किंवा दिवस आधी, आणि नाही दिला तर दंड कोण लावणार, एवढं हवंय.

कलमकसाई:

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणूनच गोंधळ होतो.

कायदा १३२, दिनांक २३ सप्टेंबर २०२५, अंमल १० ऑक्टोबर २०२५ पासून. कलमं २८. कलम ३ च्या पाचव्या परिच्छेदात म्हटलंय की एआयबद्दलच्या युरोपच्या नियमावलीने (२०२४/१६८९) एआय प्रणालींवर घातलेल्या बंधनांपलीकडे हा कायदा नवी बंधनं निर्माण करत नाही. पण हे वाक्य प्रणालींबद्दल आहे. मालक, डॉक्टर, वकील, न्यायाधीश यांनी माणसांशी कसं वागायचं ते त्याच कायद्यात पुढे येतं. शिवाय कलम ११ तुम्हाला सरळ एका जुन्या कायद्याच्या दारात नेऊन सोडतं: विधीय हुकूम १५२/१९९७, कलम १-बिस (म्हणजे कलम १ नंतर मागाहून घातलेलं कलम). खरी पोटदुखी तिथे आहे आणि ती २०२२ पासून लागू आहे. ज्यांनी ऑक्टोबर २०२५ नंतर धावपळ सुरू केली ते तीन वर्षं उशिरा जागे झाले.

१-बिस काय म्हणतं? भरती, काम सोपवणं, कामवाटप, देखरेख, मूल्यमापन, कामावरून काढणं यासाठी स्वयंचलित निर्णयप्रणाली किंवा देखरेखप्रणाली वापरत असाल तर माणूस कामाला लागण्याआधी त्याला लेखी माहिती द्या. तुमच्या शिफ्टवाल्या सॉफ्टवेअरसाठी त्या कागदात हे यायलाच हवं: नोकरीच्या कोणत्या बाबींवर प्रणालीचा परिणाम होतो, ती कशासाठी आहे, कोणत्या तर्काने चालते, कोणत्या प्रकारचा डेटा आणि कोणते मुख्य निकष वापरून ती बसवली किंवा शिकवली, कामगिरी मोजण्याची पद्धत धरून, चुकीचा निर्णय दुरुस्त करण्याची प्रक्रिया काय आणि गुणवत्तेची जबाबदारी कोणाकडे, अचूकता, मजबुती व सायबरसुरक्षा कोणत्या मापांनी तपासली आणि त्या मापांमुळे कोणाशी भेदभाव होऊ शकतो का.

शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या कागदात नसतोच, कारण विक्रेता ती माहिती देत नाही. म्हणून खरेदीच्या करारातच लिहून घ्या की ही मापं विक्रेता देईल आणि आवृत्ती बदलली की पुन्हा देईल. सही झाल्यावर मागायला गेलात तर जाहिरातीचं पत्रक हातात पडतं.

आता मुदती. कामाच्या अटींवर परिणाम करणारा बदल असेल तर किमान २४ तास आधी लेखी कळवायचं. सॉफ्टवेअर दर पंधरवड्याला आपोआप अद्ययावत होत असेल तर ही अट पाळणं कठीण, म्हणून आपोआप अद्ययावत होणं बंद ठेवा आणि निकषांना हात लागत असेल तर आधी कळवा, मगच आवृत्ती चढवा. कर्मचाऱ्याने अधिक माहिती मागितली की ३० दिवसांत लेखी उत्तर. हीच माहिती कंपनीतल्या कामगार प्रतिनिधींनाही द्यायची. प्रतिनिधी नसतील तर? ‘आमच्याकडे युनियनच नाही’ असं म्हणून फाइल बंद करतात, तिथेच गाडी घसरते. कंपनीत प्रतिनिधी नसतील तर राष्ट्रीय पातळीवर तुलनेने सर्वाधिक प्रातिनिधिक असलेल्या संघटनांच्या स्थानिक कार्यालयांना पाठवावी लागते.

दंड कामगार निरीक्षणालय लावतं, आणि तो महिन्याच्या हिशेबाने चढतो: १०० ते ७५० युरो; उल्लंघन पाचपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांबाबत असेल तर ४०० ते १५००; दहापेक्षा जास्त जणांबाबत असेल तर १००० ते ५०००, आणि या शेवटच्या टप्प्यात कमी रक्कम भरून सुटण्याची सवलत नाही. प्रतिनिधींना कळवलं नाही तर त्याचे वेगळे ४०० ते १५००, तेही दरमहा. तुमचे २५ जण धरून सहा महिन्यांचा हिशेब करा: पहिल्या खात्यावर ६,००० ते ३०,०००, दुसऱ्यावर २,४०० ते ९,०००. डेटा संरक्षणाचा दंड याच्या बाहेर.

दुसरी_बाजू:

कलमकसाई यांनी एक विशेषण गाळलं, आणि सगळा वाद त्याच्यावरच आहे. २०२३ च्या कामगार हुकुमाने (४८/२०२३) १-बिसमध्ये ‘संपूर्णपणे’ स्वयंचलित प्रणाली असा शब्द घातला. त्याआधी नुसतं ‘स्वयंचलित’ होतं. संसदेने व्याप्ती जाणूनबुजून कमी केली आहे. अर्जांचा गुणानुक्रम लावून पुढे माणूस ठरवत असेल तर प्रणाली संपूर्ण स्वयंचलित कशी? शब्दाला काही अर्थ ठेवायचा असेल तर प्रश्नांकित यांचा पहिला वापर १-बिसच्या बाहेर पडतो.

शिवाय त्याच दुरुस्तीने औद्योगिक आणि व्यापारी गुपितांनी संरक्षित प्रणालींना सूट दिली. विक्रेता गुपित म्हणतो म्हणजे मालकाकडे देण्यासारखं काही उरत नाही. दंडाचे आकडे दाखवून लोकांना घाबरवण्याआधी हेही सांगायला हवं.

आणि एक तांत्रिक गोष्ट: १-बिस ‘कामगारा’बद्दल बोलतं. अर्जदार अजून कामगार नाही.

कलमकसाई:

विशेषण गाळलं, मान्य. पण त्या विशेषणावर घर बांधू नका.

कामगार मंत्रालयाचं परिपत्रक १९/२०२२ सांगतं की माणसाचा हस्तक्षेप निव्वळ पूरक असेल तरी माहिती देण्याचं बंधन राहतं. अर्जांची चाळणी हे उदाहरण त्यात नाव घेऊन दिलंय. परिपत्रक दुरुस्तीच्या आधीचं आहे हा तुमचा मुद्दा ग्राह्य. पण दुरुस्तीनंतर पालेर्मो आणि तोरिनोच्या न्यायालयांनी २०२३ मध्ये डिलिव्हरी रायडरांच्या प्रकरणांत नव्या शब्दासकट कलम वाचलं आणि माहिती द्यायलाच हवी असं ठरवलं. माणूस साखळीत कुठेतरी उभा आहे एवढ्याने भागत नाही.

युरोपच्या न्यायालयाचा ७ डिसेंबर २०२३ चा निकाल (सी-६३४/२१, जर्मनीतल्या पतगुणांकाचं प्रकरण) याच अंगाने जातो: पुढचा माणूस गुणांकावर मुख्यतः विसंबून राहत असेल तर तो गुणांक काढणं हाच स्वयंचलित निर्णय. हे जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण नियमावलीच्या, कलम २२ खाली आहे, म्हणजे अर्जदारालाही लागू. १-बिसमधून अर्जदार सुटला असं समजलात तरी जीडीपीआर कलम १३ खाली त्याला तर्काची अर्थपूर्ण माहिती द्यावीच लागते. अर्ज आपणहून आलेला असेल तर इटलीच्या खासगीपणा संहितेनुसार ती पहिल्या संपर्काच्या वेळी द्यायची.

गुपिताचं म्हणाल, तर २७ फेब्रुवारी २०२५ चा निकाल वाचा (सी-२०३/२२, ऑस्ट्रियातलं प्रकरण). व्यापारी गुपित आहे म्हणून स्पष्टीकरण सरसकट नाकारता येत नाही. गुपित असेल तर ते प्राधिकरणापुढे किंवा न्यायालयापुढे ठेवायचं आणि कोणाचं पारडं जड ते त्यांनी ठरवायचं. सोर्स कोड मागत नाहीत, प्रक्रिया समजेल असं सांगा म्हणतात.

म्हणून प्रश्नांकित, तुमच्याकडे माणूस खरोखर ठरवतो का ते दाखवता आलं पाहिजे. तपासायला आलेला माणूस हे विचारेल: गुणानुक्रमात खाली असलेल्या अर्जांपैकी किती उघडले गेले? किती वेळा माणसाने क्रम उलटवला, आणि कारण लिहिलं का? एका अर्जावर सरासरी किती सेकंद गेले? दोनशे अर्ज, वरचे दहा बोलावले, बाकीचे उघडलेच नाहीत, असा लॉग असेल तर १९० जणांचा निर्णय यंत्राने केला. सोपा उपाय असा: गुणांक न दाखवता आधी माणसाचं मत नोंदवून घ्यायचं, मग गुणांक उघडायचा, आणि खालच्या भागातले काही अर्ज प्रत्येक भरतीत यदृच्छेने काढून माणसाने पूर्ण वाचायचे. वेळ जातो हे खरं. पण ‘माणूस ठरवतो’ हे कागदावर सिद्ध करायचा याहून स्वस्त मार्ग निदान मला दिसत नाही.

दुसरी_बाजू:

लॉगचा मुद्दा पटला. तरी माझं म्हणणं तसंच राहतं: रायडरांच्या अॅपमध्ये माणूस जवळजवळ नव्हताच, म्हणून ते निकाल कार्यालयीन भरतीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दंड दरमहा चढतोय आणि नोटीस लिहायला दोन दिवस लागतात, अशा वेळी वादाचा मुद्दा कोर्टासाठी राखून ठेवावा आणि नोटीस देऊन मोकळं व्हावं, हे व्यवहाराला धरून आहे.

खटपट्या:

युनियनच्या सहीबद्दल कोणी नीट सांगितलं नाही, ते मी लिहितो. ती सही एआय कायद्यातून येत नाही, १९७० च्या कामगार संहितेच्या (कायदा ३००/१९७०) कलम ४ मधून येते. एखाद्या साधनाने कर्मचाऱ्यावर दुरून नजर ठेवणं शक्य होत असेल, मग हेतू काही का असेना, तर ते फक्त संघटनात्मक व उत्पादनाची गरज, कामाची सुरक्षितता आणि मालमत्तेचं रक्षण यांसाठीच बसवता येतं, आणि तेही कामगार प्रतिनिधींशी करार करून. प्रतिनिधी नसतील किंवा करार जमला नाही तर कामगार निरीक्षणालयाची परवानगी. प्रत्येक कर्मचाऱ्याकडून वैयक्तिक संमतीपत्र घेऊन हे टळत नाही. असे संमतीपत्रांचे गठ्ठे निरुपयोगी असतात.

सूट दुसऱ्या परिच्छेदात आहे: काम करण्यासाठी लागणारं साधन आणि हजेरी नोंदवणारं साधन. संगणक, मेल, फोन हे साधन. पण शिफ्ट लावणाऱ्या सॉफ्टवेअरमधला ‘कामाचा वेग’ हा भाग साधनाच्या सुटीत बसवणं अवघड, कारण कर्मचाऱ्याला काम करायला त्याची गरजच नाही, गरज व्यवस्थापकाला आहे. म्हणून तुमच्याकडे दोन वाटा. एक तर वैयक्तिक वेग काढून टाका आणि शिफ्ट फक्त उपलब्धता, कौशल्य व करारातले तास यांवर लावा. किंवा तो ठेवा आणि करार किंवा परवानगी घ्या. पहिली वाट धरलीत तर युरोपच्या नियमावलीतलाही मोठा भार हलका होतो, ते पुढे कोणी सांगेलच.

कराराशिवाय चालवलं तर काय होतं? गुन्हा आहे: १५४ ते १५४९ युरो दंड किंवा १५ दिवस ते एक वर्ष अटक. पण मालकाला जास्त झोंबतं ते वेगळंच. त्या प्रणालीतून आलेली माहिती शिस्तभंगाच्या कारवाईत वापरता येत नाही. तिसरा परिच्छेद म्हणतो की साधन कसं वापरायचं आणि तपासणी कशी होते याची पुरेशी माहिती दिली असेल तरच ती माहिती वापरता येते. कामात ढिलाई म्हणून एखाद्याला काढलं, पुरावा याच सॉफ्टवेअरचा, की खटला तिथेच कोसळतो.

क्रमही सांभाळा. आधी डेटा संरक्षणाचं परिणाम-मूल्यमापन, मग करार किंवा परवानगी, मग कर्मचाऱ्यांना नोटीस, मग सॉफ्टवेअर चालू. उलट क्रमाने गेलेले लोक नोटिशीत लिहितात एक आणि करारात ठरतं दुसरं, आणि मग दोन्ही कागद पुन्हा करावे लागतात. चालू असलेल्या सॉफ्टवेअरला मागच्या तारखेचा करार लावू नका. करार होईपर्यंत वेगाचा भाग बंद ठेवणं हाच सरळ मार्ग.

गारांते, म्हणजे इटलीचं डेटा संरक्षण प्राधिकरण, या सगळ्यात निरीक्षणालयापेक्षा जड हाताचं आहे. रायडरांचं काम अल्गोरिदमने वाटणाऱ्या फूडिन्योला २०२१ मध्ये २६ लाख युरो आणि २०२४ मध्ये ५० लाख युरो दंड त्यांनीच लावला. कर्मचाऱ्याचा भावनिक कल आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून ओळखणारा भाग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये झोपलेला असेल तर तो कायमचा काढा. कामाच्या जागी भावना ओळखणं, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, २ फेब्रुवारी २०२५ पासून युरोपभर बंद आहे. विक्रेते हा भाग ‘ग्राहक-संवादाची गुणवत्ता’ अशा सोज्ज्वळ नावाने देतात.

उंटावरचा_शहाणा:

तारखा आणि युरोपचा भाग माझ्याकडे.

नियमावलीच्या परिशिष्ट ३, मुद्दा ४ मध्ये रोजगार आहे. अर्ज गाळणं आणि उमेदवार जोखणं सरळ उच्च जोखमीच्या, म्हणजे जास्त बंधनांच्या, गटात. कामवाटप केव्हा? व्यक्तीचं वर्तन किंवा वैयक्तिक गुणवैशिष्ट्यं यांवर आधारलेलं असेल तेव्हा. म्हणून खटपट्या म्हणतात तसा वेग काढून टाकलात, आणि कामगिरीवर नजर ठेवणारं काही उरलं नाही, तर शिफ्टचं सॉफ्टवेअर उच्च जोखमीतून बाहेर पडतं. अर्जांच्या बाबतीत ही सोय नाही. कलम ६(३) मधली ‘किरकोळ प्रक्रियात्मक काम’ ही सूट दाखवून विक्रेते सुटायला बघतात, पण व्यक्तीचं प्रोफाइलिंग, म्हणजे तिच्या माहितीवरून तिला यंत्राने जोखणं, होत असेल तर ती सूट मिळतच नाही, आणि गुणानुक्रम म्हणजे प्रोफाइलिंगच.

मूळ मजकुरात परिशिष्ट ३ ची तारीख २ ऑगस्ट २०२६ आहे. १९ नोव्हेंबर २०२५ ला युरोपीय आयोगाने ती पुढे नेण्याचा प्रस्ताव मांडला, परिशिष्ट ३ साठी फार तर २ डिसेंबर २०२७ पर्यंत. वाचताना युरोपच्या राजपत्रात त्या दिवशी कोणता मजकूर लागू आहे तेवढं बघा. मात्र ‘तोवर स्वस्थ बसा’ हा सल्ला चुकीचा आहे, कारण वर कलमकसाई आणि खटपट्या यांनी लिहिलेल्यातलं जवळपास काहीच या तारखांवर अवलंबून नाही. १९७०, १९९७ आणि जीडीपीआर कुठेही पुढे ढकललेले नाहीत.

तुम्ही नियमावलीच्या भाषेत ‘तैनातकर्ते’, म्हणजे प्रणाली आपल्या कामात वापरणारे. विक्रेता ‘पुरवठादार’. तैनातकर्त्याचं काम तुलनेने हलकं: सूचनांप्रमाणे वापर, जाणत्या माणसाची देखरेख, लॉग किमान सहा महिने जपणं, कर्मचारी व प्रतिनिधींना आधी कळवणं, अर्जदाराला यंत्राच्या वापराची माहिती देणं.

पण एक सापळा आहे आणि तुमच्या कार्यालयात तो उघडाच पडलेला दिसतो. सगळे चॅट सहायक वापरतात म्हणालात. भरतीवाल्या कोणी गठ्ठाभर अर्ज त्यात टाकून ‘यांना दहापैकी गुण दे’ म्हटलं, तर साधारण कामाच्या साधनाचा उद्देश बदलून तुम्ही ते उच्च जोखमीच्या कामाला लावलंत. कलम २५ नुसार असा उद्देश बदलणारा स्वतःच पुरवठादार ठरतो. मग तांत्रिक दस्तऐवज, जोखीम व्यवस्थापन, अनुरूपता तपासणी (प्रणाली नियमांत बसते का ते बघणं) सगळं तुमच्या गळ्यात. विक्रेत्याच्या उच्च जोखमीच्या साधनावर स्वतःचं नाव किंवा चिन्ह छापलं तरी तेच. अंतर्गत धोरणात बाकी पानंच्या पानं तत्त्वं लिहू नका. ‘अर्ज, कामगिरीचे अहवाल आणि शिस्तीची प्रकरणं सर्वसाधारण चॅट सहायकात टाकायची नाहीत’ हे एक वाक्य लिहा आणि त्या साधनांच्या कंपनी-खात्यात तसं अडवून ठेवा.

एआय साक्षरतेचं कलम ४ हे २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालं. त्यासाठी प्रमाणपत्रं विकणारे बरेच निघाले. प्रमाणपत्राची अट नियमावलीत नाही. कोणाला, कोणत्या साधनाबद्दल, केव्हा काय शिकवलं याची नोंदवही ठेवा.

कोण बघणार? कायदा १३२ च्या कलम २० ने राष्ट्रीय सायबरसुरक्षा संस्था, एसीएन, हिला बाजारावर देखरेख, तपासणी आणि दंडाचं काम दिलं. डिजिटल इटली संस्था, एजिड, हिच्याकडे अनुरूपता तपासणाऱ्या संस्थांना मान्यता देणं. बँका, विमा आणि रोखेबाजार त्यांच्या त्यांच्या नियंत्रकांकडे. गारांतेचे अधिकार जसेच्या तसे. नियमावलीच्या दंडाची इटलीतली घडी सरकारने हुकूम काढून बसवायची आहे. संसदेने त्यासाठी १२ महिने दिले, म्हणजे १० ऑक्टोबर २०२६ पर्यंत. दोन्ही मुख्य संस्था सरकारच्याच, गारांतेसारख्या स्वतंत्र नाहीत, यावर संसदेत आणि बाहेर बरीच टीका झाली. माझ्या मते ती रास्त होती, पण तुमच्या कागदपत्रांना त्याने फरक पडत नाही.

प्रश्नांकित:

उपयोगी. वकील आणि लेखापाल यांनी मला काही लेखी द्यायला हवं का? आणि जाहिरातीतला आवाज राहिला. शिवाय एका नगरपालिकेला आमची सेवा विकायचं चाललंय, तिथे सर्व्हर इटलीतच हवा म्हणतात.

कलमकसाई:

वकील, लेखापाल: होय. कलम १३. बौद्धिक व्यवसायात एआय फक्त पूरक, साहाय्यक कामाला, आणि व्यावसायिकाचं स्वतःचं बौद्धिक काम वरचढ असायला हवं. कोणत्या प्रणाली वापरल्या ते अशिलाला स्पष्ट, सोप्या आणि सर्वसमावेशक भाषेत सांगायचं. या कलमात दंडाची रक्कम नाही. मोडलं तर परिणाम व्यावसायिक मंडळाची शिस्त आणि करारातली जबाबदारी यांतून येतो. ‘आम्ही आधुनिक तंत्रज्ञान वापरू शकतो’ अशी ओळ नेमणूकपत्रात घुसडलेली चालू नका देऊ. साधनाचं नाव, कोणत्या कामाला (मसुदा, शोध, भाषांतर), तुमचा गोपनीय मजकूर त्यात जातो का, आणि शेवटी कोण तपासतो, एवढं मागा.

तपासण्याचा मुद्दा पोकळ नाही. फ्लोरेन्सच्या न्यायालयासमोर मार्च २०२५ मध्ये यंत्राने रचलेले, अस्तित्वात नसलेले निकाल दाखल झाले होते. तिथे वकिलाच्या बाजूला आर्थिक फटका बसला नाही. तोरिनोच्या कामगार न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र एआयच्या मदतीने केलेल्या निराधार अर्जाबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९६ लावलं, म्हणजे निराधार दावा करणाऱ्याला पैसे भरायला लावणारं कलम. ते पैसे पक्षकाराकडून जातात, म्हणून हा प्रश्न अशिलाने विचारायचा आहे.

तुमच्याकडे पगारी अभियंते असतील तर त्यांना कलम १३ ची नोटीस प्रत्येक ग्राहकाला द्यावी लागेल का, यावर मतं वेगवेगळी आहेत. नोंदणीकृत अभियंता स्वतःच्या सहीने अहवाल देत असेल तर द्यावी. कंपनी सेवा विकते आणि सही कंपनीची असेल तर कलमाचा शब्द तिथवर पोचत नाही.

खटपट्या:

आवाज: कोणा खऱ्या माणसाच्या आवाजाची नक्कल असेल तर थांबा. दंडसंहितेत नवं कलम ६१२-क्वातेर आलंय. संमतीशिवाय एआयने बनवलेला किंवा बदललेला, खरा वाटेल असा फोटो, व्हिडिओ किंवा आवाज पसरवून कोणाचं अन्याय्य नुकसान केलं तर एक ते पाच वर्षं कैद. बहुधा तक्रारीवरूनच खटला चालतो. निवेदकाशी जुना करार असेल तर त्यात ‘ध्वनिमुद्रण वापरण्याचा हक्क’ असतो. त्यातून आवाजाची प्रतिकृती तयार करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. वेगळी संमती घ्या: कोणत्या मोहिमेसाठी, किती काळ, प्रतिकृती नंतर पुसणार का. कोणाचाच नसलेला आवाज असेल तर हा प्रश्न येत नाही, तिथे नियमावलीच्या कलम ५० मधलं चिन्हांकन बघायचं, आणि त्यातला बराचसा भार साधन बनवणाऱ्यावर आहे.

नगरपालिकेचे लोक मसुदा वाचून बोलतायत. विधेयकाच्या आधीच्या रूपात सरकारी वापराच्या प्रणाली देशातल्याच सर्व्हरवर ठेवायची सक्ती होती. अंतिम कायद्यातून ती गेली. कलम ५ मध्ये उरलंय ते एवढंच, की सरकारी खरेदीत व्यूहात्मक डेटा इटलीतल्या केंद्रांत ठेवणाऱ्या उपायांना प्राधान्य द्यावं. म्हणजे पसंती आहे, सक्ती नाही. पण सरकारी कामाच्या क्लाउडला एसीएनची पात्रता लागते, ती अट वेगळी आणि जुनी आहे. निविदेत कोणती पातळी मागितली आहे ते आधी वाचा, नाहीतर सर्व्हर मिलानमध्ये असूनही बाद व्हाल.

प्रश्नांकित:

शेवटचं. १-बिसची नोटीस ईमेलने चालते का, की कागदावर सही हवी?

दुसरी_बाजू:

ईमेल चालते. माहिती कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देता येते. ती रचनाबद्ध, नेहमीच्या वापरातल्या आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात हवी, म्हणजे स्कॅन केलेलं चित्र टाळा. कर्मचाऱ्याला ती नंतरही उघडता आली पाहिजे. पाठवल्याचा किंवा मिळाल्याचा पुरावा नोकरी संपल्यानंतर पाच वर्षं ठेवायचा आहे, म्हणून माणूस गेला की त्याच्या मेलखात्याबरोबर तो पुसला जाणार नाही अशा जागी ठेवा. संघटनेच्या स्थानिक कार्यालयाला पाठवायची प्रत नोंदणीकृत मेलने, म्हणजे पेकने पाठवा. पोच आपोआप मिळते.